गावच्या बँकेची नोट: अमेरिकेतला जुना कागदी पैसा आणि आपल्या कपाटातल्या नोटा

आपल्या बहुतेक घरांत एखादी तरी नोट खर्चासाठी नसते. ईदीत मिळालेली कोरी दहाची असते, दादीने बटव्यात घडी करून ठेवलेली एकाची असते. ७८६ नंबरची नोट तर पाकिटाच्या आतल्या कप्प्यात वर्षानुवर्षं मुक्कामाला असते. बरकतीच्या भावनेने जपलेल्या या नोटेवर हल्ली भलत्याच लोकांची नजर पडली आहे. "७८६ची नोट आहे? लाखो रुपये मिळवा" असे मेसेज फिरतात. आधी नोटेचा फोटो मागतात, मग नोंदणीचे पैसे, मग कर, मग कमिशन. नोट तुमच्याकडेच राहते आणि खात्यातले पैसे जातात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. आपण असल्या खरेदी-विक्रीत नाही आणि त्यासाठी कुणाकडून शुल्क किंवा कमिशन कधीच मागत नाही, असं बँकेने स्पष्ट सांगितलं होतं.

थोडा हिशेब केला तरी या मेसेजमधली हवा निघून जाते. सहा आकडी नंबरांच्या एका मालिकेत दहा लाख नोटा धरा. त्यांत कुठेतरी ७-८-६ सलग आलेल्या नोटा जवळजवळ चार हजार निघतात. अशा मालिका किती छापल्या जातात त्याला गणतीच नाही. म्हणजे ही नोट श्रद्धेने जपण्याची गोष्ट आहे, दुर्मीळ नव्हे. या दोन गोष्टींची गल्लत झाली की ठगाचं काम सोपं होतं.

मग दुर्मीळ नोट कशाला म्हणायचं? हौशी संग्राहक एका कागदाला हजारो डॉलर देतो आणि तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या कागदाला हातही लावत नाही, हे कसं? याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण अमेरिकेत सापडतं. तिथे एके काळी लहान लहान गावांतल्या बँकांच्या नावाने चलनी नोटा निघत. नोटेवर गावाचं नाव आणि खाली गावातल्याच दोन माणसांच्या सह्या. या नोटा जमवणं हा आज तिथला एक मोठा आणि गंभीर छंद आहे. आपल्यापैकी कुणाचा भाचा शिकागोला आहे, कुणाची मुलगी न्यू जर्सीत. अशी एखादी नोट तोहफा म्हणून घरात येऊही शकते. म्हणून ती कशी वाचायची ते आज सविस्तर सांगतो.

पेटीत वर चांदी, खाली खिळे

१८६०च्या आसपास अमेरिकेत सरकारी कागदी चलन जवळजवळ नव्हतंच. वेगवेगळ्या राज्यांच्या परवानगीने चालणाऱ्या सुमारे १,६०० बँका आपापल्या नोटा छापून घेत. नोटांचे प्रकार सात हजारांच्या घरात गेले होते. प्रत्येकीचा आकार वेगळा, चित्र वेगळं, पत वेगळी. आपल्या गावात पूर्ण किमतीला चालणारी नोट दोनशे मैलांवर गेली की दुकानदार तोंड वाकडं करायचा आणि किंमत कापून घ्यायचा. कुठली बँक जिवंत आहे, कुठली बुडाली, कुठल्या नोटेची नक्कल बाजारात फिरते आहे, हे सांगणारी माहितीपत्रकं नियमित निघत. दुकानदार ती गल्ल्याजवळ ठेवत आणि गिऱ्हाइकाने नोट पुढे केली की आधी पानं उलटत.

बँक म्हणजे नोटेच्या बदल्यात सोन्या-चांदीचं नाणं देण्याचा वायदा. तो वायदा पाळायला तिजोरीत नाणी असायला हवीत. मिशिगन राज्यात १८३७चा सैल कायदा आला आणि आडरानात, जिथे माणूस पोहोचणार नाही अशा जागी बँका उगवल्या. तपासनीस गेले तेव्हा काही ठिकाणी पेट्यांत वर चांदीच्या नाण्यांचा थर आणि खाली खिळे भरलेले निघाले. काही ठिकाणी तर तीच नाण्यांची पेटी तपासनिसाच्या पुढे पुढे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पोहोचत होती. अशा बँकांच्या नोटा आजही संग्राहकांकडे पुष्कळ आहेत. बँक बुडाली आणि नोटा लोकांच्या हातात कागद म्हणून राहिल्या, त्यामुळेच त्या टिकल्या. जुनी आहे, सुंदर आहे, तरी स्वस्त आहे, असं पुष्कळदा का होतं ते यावरून कळेल.

१८६३चा कायदा आणि सनद क्रमांक

यादवी युद्ध पेटलं आणि सरकारला पैसा हवा होता. अर्थमंत्री सॅमन चेस यांनी एका दगडात दोन पक्षी मारले. २५ फेब्रुवारी १८६३ला राष्ट्रीय चलनाचा कायदा झाला आणि पुढच्या वर्षी ३ जूनला त्याची सुधारित आवृत्ती आली. कल्पना साधी होती. गावातल्या माणसांनी भांडवल जमवायचं आणि वॉशिंग्टनकडून सनद घ्यायची. सरकारी कर्जरोखे विकत घेऊन ते सरकारी खजिन्यात तारण ठेवायचे. तारणाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत नोटा सरकार छापून देणार, बँकेचं आणि गावाचं नाव घालून. सरकारचे रोखे विकले गेले आणि देशाला एकसारखं चलनही मिळालं. राज्य बँकांच्या जुन्या नोटांवर दहा टक्के कर बसवला गेला आणि त्या बघता बघता बाजारातून गेल्या.

सहा हजारांपेक्षा कमी वस्तीच्या गावात बँक काढायला किमान ५०,००० डॉलर भांडवल लागे. खेड्यांना ते जड जाई. १९०० साली अट सैल झाली. तीन हजारांपर्यंतच्या गावाला २५,००० डॉलर पुरू लागले आणि नोटाही तारणाच्या शंभर टक्क्यांपर्यंत मिळू लागल्या. त्यानंतर मात्र जिथे एक धान्याचं कोठार, एक स्टेशन आणि एक चर्च, तिथेही 'फर्स्ट नॅशनल बँक' उभी राहिली. १९३५पर्यंत चौदा हजारांहून जास्त सनदा दिल्या गेल्या आणि त्यांतल्या साडेबारा हजारांहून अधिक बँकांनी नोटा काढल्या.

प्रत्येक सनदेला क्रमांक असे. फिलाडेल्फियाच्या फर्स्ट नॅशनल बँकेचा क्रमांक १. पुढे हा क्रमांक नोटेवरही छापला जाऊ लागला. संग्राहकाच्या दृष्टीने तो नोटेचा पत्ता आहे. एकाच गावात एकाच नावाच्या दोन बँका वेगवेगळ्या काळात होऊन गेल्या असतील, तर नोट नेमकी कुणाची हे नावावरून कळत नाही, क्रमांकावरून कळतं.

कात्री, दौत आणि दोन सह्या

छपाई सुरुवातीला न्यूयॉर्कच्या खाजगी कंपन्यांकडे होती, नंतर ती सरकारी छापखान्याकडे गेली. नोटा गावात सुट्या येत नसत. चार-चार नोटांचे अखंड कागद येत. ते आले की बँकेचा कॅशियर आणि अध्यक्ष टेबलाशी बसून सह्या करत आणि मग कात्रीने नोटा कापत. इथे कॅशियर म्हणजे खिडकीमागे पैसे मोजणारा कारकून नव्हे. बँकेचा सगळा व्यवहार चालवणारा तो मुख्य माणूस. अध्यक्ष पुष्कळदा गावातला गिरणीवाला, जमीनदार किंवा मोठा दुकानदार असे. दोघेही रस्त्यात भेटणारे. नोटेवर सही कुणाची आहे हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत!

म्हणूनच जुन्या नोटांची कड वाकडीतिकडी असते. ती पाहून बिचकू नका, उलट सगळ्या कडा सुरीसारख्या सरळ आणि नोट नेहमीपेक्षा अरुंद असेल तर शंका घ्या. फाटकी कड लपवायला नंतर कुणी कापलेली असू शकते. शाईच्या सह्या उडून जातात, तपकिरी पडतात. नंतर सह्यांचे रबरी शिक्के आले आणि १९२९च्या लहान आकाराच्या नोटांवर सह्या छापूनच येऊ लागल्या. आम्हाला विचाराल तर पेनाने केलेली सही असलेली मळकी नोट छापील सहीच्या कोऱ्या नोटेपेक्षा जास्त बोलते. पण बाजार कोरेपणालाही पैसे देतो, हेही खरं.

काही नोटांवर बाईची सही सापडते. नवरा किंवा वडील गेल्यावर, किंवा स्वतःच्या हिमतीवर, बायकांनी गावची बँक सांभाळली. ज्या काळात अमेरिकेत बायकांना सगळीकडे मतदानाचा हक्कही नव्हता, त्या काळातल्याही अशा नोटा आहेत. त्यांचा स्वतंत्र संग्रह करणारे लोक आहेत.

चित्रंही पाहण्यासारखी. पहिल्या मालिकेच्या दोन डॉलरच्या नोटेवर दोनचा आकडा आडवा पडलेला आहे. त्यावरून तिला 'लेझी टू', म्हणजे आळशी दोन, असं नाव पडलं. एक आणि दोन डॉलरच्या बँक नोटा १८७९नंतर निघाल्याच नाहीत. १८८२च्या मालिकेत पाठीमागच्या तपकिरी छपाईत मधोमध ठळक सनद क्रमांक आला, आणि १९०२च्या वीस डॉलरवर ह्यू मॅककुलक. या सगळ्या बँकांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचे ते पहिले प्रमुख.

बँक बुडाली, नोट तरली

या विषयात आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट आता सांगतो.

१९३० ते १९३३ या मंदीच्या वर्षांत अमेरिकेत सुमारे नऊ हजार बँका बंद पडल्या. गावच्या बँकेच्या दारात रांग लागायची, एक दिवस दार उघडायचंच नाही, आणि शेतकऱ्याची आयुष्यभराची ठेव आत अडकायची. आपल्याकडे सहकारी बँकेच्या दारात उभ्या राहिलेल्या वाचकांना ही रांग कशी असते ते सांगायला नको. त्या वेळी तिथे ठेवींना विम्याचं संरक्षण नव्हतं. ते १ जानेवारी १९३४ला सुरू झालं.

आता गंमत पाहा. त्याच शेतकऱ्याच्या खिशात त्याच बुडालेल्या बँकेच्या नावाची दहा डॉलरची नोट असेल, तर ती दुकानात निमूट चालत होती. नोटेमागचे कर्जरोखे गावातल्या तिजोरीत नव्हतेच, ते वॉशिंग्टनच्या खजिन्यात तारण होते. बँक बुडाली तरी सरकार नोटेचे पैसे देणार होतं. नोट चालवणाऱ्याला बँक जिवंत आहे की मेली हे माहीत असण्याचीही गरज नव्हती. म्हणजे एकाच बँकेवर टाकलेल्या भरवशाचे दोन प्रकार: जो बँकेच्या पासबुकात होता तो बुडाला, आणि ज्याच्या मागे बाहेर तारण होतं तो टिकला. अमानत कुणाच्या हवाली आहे आणि तिच्यामागे प्रत्यक्ष काय ठेवलं आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सही ओळखीची आहे म्हणून पैसा सुरक्षित होत नाही.

६ मार्च १९३३पासून काही दिवस देशातल्या सगळ्या बँका बंद ठेवल्या गेल्या. नंतर ज्या उठू शकल्या त्यांतल्या अनेकींनी नवी सनद घेतली. नाव जवळजवळ तेच, फक्त 'फर्स्ट नॅशनल बँक ऑफ' अमुक गाव याऐवजी 'फर्स्ट नॅशनल बँक इन' अमुक गाव. नोटेवर 'ऑफ'चं 'इन' झालेलं दिसलं की त्या गावात काय घडून गेलं असेल याचा अंदाज येतो. एका शब्दात अख्ख्या गावाचा उन्हाळा.

तसाच आणखी एक नावबदल. जर्मन वस्तीच्या भागांत 'जर्मन नॅशनल', 'जर्मन-अमेरिकन नॅशनल' अशा नावांच्या बँका होत्या. पहिल्या महायुद्धात अमेरिका जर्मनीविरुद्ध उतरली आणि १९१७-१८मध्ये यांतल्या अनेकांनी पाटीवरून तो शब्द काढला. माणसं तीच, तिजोरी तीच. आपण इथलेच आहोत हे कागदावर लिहून दाखवायची वेळ आली होती. जुन्या नावाची आणि नव्या नावाची नोट शेजारी ठेवली की वेगळी टीप लिहावी लागत नाही.

ही व्यवस्था १९३५मध्ये संपली. ज्या रोख्यांच्या तारणावर नोटा निघत, ते रोखेच सरकारने त्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये परत बोलावले. तारण गेलं, नोटा निघणं थांबलं. फिरत्या नोटा हळूहळू खजिन्यात जमा होऊन नष्ट झाल्या. कायद्याने त्या आजही दर्शनी किमतीला चालतात, पण दर्शनी किमतीला खर्च करणारा विरळाच.

किंमत कशावर ठरते

इथे नव्या माणसाची सगळ्यात जास्त फसगत होते. त्याला वाटतं शंभरची नोट दहाच्या नोटेपेक्षा मोलाची आणि १८८२ची १९२९पेक्षा. तसं नेहमी नसतं. खरा प्रश्न एकच, या बँकेच्या किती नोटा उरल्या आहेत?

मोठ्या शहरातल्या बँकेने लाखो नोटा काढल्या, त्यांतल्या हजारो उरल्या. १९२९ची अशी साधी, वापरलेली नोट दर्शनी किमतीच्या काही पटीत मिळून जाते. अगदी तशीच दिसणारी दुसरी नोट पाचशे वस्तीच्या गावातली असते. त्या बँकेने मोजकेच कागद मागवले, चार-पाच वर्षांत दार बंद केलं आणि आज संग्राहकांना तिच्या दोन किंवा तीनच नोटा ठाऊक आहेत. मग तिची किंमत हजारो डॉलरमध्ये जाते. चित्र तेच, कागद तोच, फरक फक्त गावाच्या नावाचा. कित्येक बँका अशा आहेत की त्यांची एकही नोट आजवर सापडलेली नाही. मग एखाद्या जुन्या घरात बायबलच्या पानांत किंवा भिंतीतल्या डब्यात ती निघते आणि त्या राज्याच्या संग्राहकांत खळबळ उडते.

राज्य होण्याआधीच्या 'टेरिटरी' काळातल्या नोटांना वेगळा मान आहे. डकोटा १८८९पर्यंत टेरिटरी होती, ओक्लाहोमा १९०७पर्यंत. अलास्का, हवाई आणि पोर्तो रिको इथल्या बँकांच्या नोटाही याच वर्गातल्या. हे सगळं अंदाजपंचे चालत नाही. कुठल्या बँकेला किती नोटा दिल्या आणि शेवटी किती बाहेर राहिल्या, याच्या सरकारी नोंदी आहेत. जॉन हिकमन आणि डीन ओक्स यांनी १९८२मध्ये त्यावरून जाडजूड सूची केली. डॉन केली यांचंही याच विषयावरचं पुस्तक संग्राहकांच्या हाताशी असतं. शिवाय आजवर पाहण्यात आलेल्या नोटांची एकेक नंबरानिशी नोंद ठेवली जाते. कागदी पैशाच्या संग्राहकांची संस्था १९६१पासून आहे. आयोवातल्या ओकोबोजी या तळ्याकाठच्या गावात विल्यम हिगिन्स या गृहस्थांनी तर फक्त या नोटांसाठी संग्रहालय उभं केलं.

लोक जमवतात तेही बहुतेक आपल्या गावाचं. कुणी आजोबांच्या गावच्या नोटा शोधतो, कुणी एका जिल्ह्याच्या सगळ्या बँका पूर्ण करायच्या मागे असतो. अख्ख्या देशाच्या मागे लागणारा माणूस एक तर फार श्रीमंत असतो, नाही तर लवकर थकतो.

नोट हातात आली तर

तुमच्या हाती पडण्याची शक्यता जास्त ती १९२९च्या लहान नोटेची. आकार आजच्या डॉलरएवढाच, पण शिक्का आणि नंबर तपकिरी रंगात. डाव्या बाजूला काळ्या अक्षरांत बँकेचं नाव, गाव आणि राज्य. काळ्या ठळक आकड्यांत सनद क्रमांक दोनदा. सनद क्रमांक तपकिरी रंगातही आणखी दोनदा असेल तर ती दुसऱ्या प्रकारची, नंतरच्या काळातली.

आता सापळा. याच साच्याची, याच तपकिरी शिक्क्याची, वर 'नॅशनल करन्सी' असंच लिहिलेली आणखी एक नोट आहे. तिच्यावर गावच्या बँकेऐवजी 'फेडरल रिझर्व्ह बँक ऑफ' शिकागो किंवा न्यूयॉर्क असं लिहिलेलं असतं. १९३३च्या टंचाईत या नोटा घाईने छापल्या होत्या. ही नोट खरी आहे, जुनी आहे, पण गावची नाही, आणि बहुतेक वेळा स्वस्त आहे. 'जुनी अमेरिकन बँक नोट' म्हणून हीच पुढे करून वरची किंमत सांगणारे भेटतात. नाव वाचलं की संपलं.

खरी लबाडी खऱ्या नोटेवरच केली जाते. मळ काढण्यासाठी धुतात, घड्या मोडण्यासाठी दाबतात, टाचणीची भोकं बुजवतात, उडालेली सही पुन्हा गिरवतात. त्यासाठी नोट उजेडासमोर धरून पाहावी. नवा कागद जोडला असेल तर तिथे जाडी बदलते. काळोखात अतिनील दिवा टाकला तर आधुनिक कागद पुष्कळदा निळसर चमकतो, जुना चमकत नाही. मोठी रक्कम असेल तर प्रमाणित करणाऱ्या कंपनीच्या बंद पाकिटातली नोट घ्यावी. पाकिटावरचा दर्जा तर वाचाच, पण बारीक अक्षरांतला दुरुस्तीचा शेराही वाचा. दर्जा मोठ्या अक्षरांत आणि शेरा लहान, हे जगभर सारखंच.

विकणाऱ्याने आधी पैसे मागितले, घाई केली, फोनवर ओटीपी मागितला, तर नोट कितीही सुंदर असो, बोलणं तिथेच थांबवायचं.

आपल्या घरातलं काय

आपल्याकडे गावच्या बँकांनी अशा नोटा काढल्या नाहीत. १८४०मध्ये निघालेली बँक ऑफ बॉम्बे काही काळ नोटा काढत होती. पण १८६१च्या कायद्याने तो अधिकार सरकारने आपल्याकडे घेतला. तरी नोटेवर जागेचं नाव होतंच. देश चलन मंडळांत वाटलेला होता आणि नोट आपल्या मंडळातच कायदेशीर धरली जाई. मुंबईची नोट मद्रासला चालेलच याची खात्री नव्हती. मुंबई, कलकत्ता, नागपूर अशी नावं असलेल्या त्या नोटा आज फार मोलाच्या आहेत, आणि त्यांच्या किमतीतही जागेच्या नावाचा वाटा मोठा आहे.

मराठवाड्यातल्या कुटुंबांकडे निजामाच्या राज्यातल्या उस्मानिया सिक्क्याच्या नोटा सापडतात. १९१८पासून निघालेल्या या नोटांवर उर्दूबरोबर मराठीही आहे, तेलुगू आणि कन्नडही. मुलांना दाखवायला यापेक्षा चांगली वस्तू कुठली?

आणि हज नोट. १९५९मध्ये रिझर्व्ह बँकेने सौदी अरेबियात जाणाऱ्या हाजींसाठी दहा आणि शंभर रुपयांच्या खास नोटा काढल्या. दहाची निळी, शंभरची लाल, नंबराच्या आधी इंग्रजी 'एचए' ही अक्षरं. या नोटा भारतात चालण्यासाठी नव्हत्याच. हाजींनी तिकडे खर्च केल्या, तिकडून त्या हिशेबाने परत आल्या आणि रद्द झाल्या. घरी फारच थोड्या आल्या. म्हणजे अमेरिकन गावच्या नोटेला लागू होतं तेच गणित इथेही आहे, मुद्दा उरल्या किती हाच. ७८६ची नोट आणि हज नोट यांतला फरकही हाच. मुंबईहून जहाजाने हजला गेलेल्या आजी-आजोबांचे कागद ज्यांच्या घरी असतील, त्यांनी पासपोर्ट आणि तिकिटांच्या मधली पानं एकदा सावकाश उलटून पाहावीत.

सापडलीच तर घाई करू नका. लॅमिनेशन तर अजिबात नको, त्याने नोट कायमची मरते. सेलोटेप नको, इस्त्री नको, रबराने पुसणं नको. स्वस्त प्लास्टिकचं चिकट पाकीट कागदाला खातं, त्याऐवजी आम्ल नसलेला कागद किंवा मायलरची थैली वापरा. कोकणातल्या आणि मुंबईतल्या दमट हवेत कसर लवकर लागते, तेव्हा लोखंडी कपाटाच्या तळाशी नको, कोरड्या खणात ठेवा आणि पावसाळ्यानंतर एकदा उघडून बघा. वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलने लिहून ठेवा, कुणाची, कुठून आली, कुठल्या वर्षी. चिठ्ठी नोटेला टाचायची मात्र नाही, सोबत ठेवायची.